भोगव्याची पुळण आणि निळा झेंडा

बियाण्याची पिशवी घेताना तिच्या तोंडाशी शिवलेला टॅग आपण पाहता ना? पैदासकाराच्या बियाण्याला पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा आणि आपण शेतात पेरतो त्या प्रमाणित बियाण्याला निळा. माझी निम्मी हयात हा निळा टॅग शेतकऱ्यांना समजावून सांगण्यात गेली. टॅग पाहा, तारीख पाहा, पावती घ्या, पिशवी खालच्या बाजूने फोडा, टॅग आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. हा पाठ मी इतक्या गावांत म्हटला आहे की, घरची मंडळी म्हणतात, हा माणूस झोपेतही तोच म्हणत असेल.

आज मात्र मी बियाण्याविषयी लिहायला बसलेलो नाही. समुद्राच्या किनाऱ्याविषयी लिहिणार आहे. किनाऱ्यालाही आता असाच निळा टॅग मिळू लागला आहे. त्याला निळा झेंडा म्हणजे ब्लू फ्लॅग म्हणतात. तो कोणाला मिळतो, का मिळतो आणि आपल्यासारख्या नांगरधारी माणसांचा त्याच्याशी संबंध काय, हे सांगायचे आहे. त्याबरोबर माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

घाट उतरून खाली

यंदा माघात आम्ही भोगव्याला गेलो. भोगवे हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. आम्ही घाटावरचे, कोल्हापूरकडचे. राधानगरी, दाजीपूर करीत फोंडाघाट उतरलो, कणकवली मागे टाकली आणि कुडाळहून नेरूर, वालावल, परुळे असा रस्ता धरला.

घाटावरून येणाऱ्याला इथली शेती पाहताना सारखे थांबावेसे वाटते. जांभ्या दगडाचे उघडे सडे, त्यांच्या उतारावर काजू आणि आंबा, खाली चिंचोळ्या मळ्यांत भात. माघात काजूला मोहोर असतो, कुठे कुठे हिरवे बोंड धरलेले असते. भात निघालेल्या खाचरात उरल्या ओलीवर कुळीथ नाहीतर चवळी. पाण्याची सोय असेल तिथे वायंगणी भात पोपटी रंगाने उभे. आपल्याकडे एकराची भाषा, इथे गुंठ्याची. पण त्या गुंठ्यात माड आहे, माडाखाली पोफळी आहे, पोफळीवर मिरवेल आहे. एका जागेत तीन मजले.

परुळ्याच्या पुढे सडा संपतो आणि रस्ता एकदम खाली उतरतो. त्या उतारावर थांबून पाहावे. खाली माडांची दाट रांग, तिच्यापलीकडे पांढऱ्या वाळूचा लांबच लांब पट्टा. तिला इकडे पुळण म्हणतात. उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, कर्ली नदी समुद्राला मिळते. तिच्यापलीकडे देवबागची जिभेसारखी निमुळती जमीन, एका बाजूला खाडी आणि एका बाजूला दर्या. देवबागच्या पुढे तारकर्ली आणि मालवण. डाव्या हाताला, दक्षिणेकडे, निवतीचा किल्ला.

गाडीत आम्ही पाचजण होतो. मी, माझी मंडळी, आमच्या गावचा एक तरुण शेतकरी, त्याची बायको आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. मुलीने समुद्र पूर्वी पाहिला नव्हता. तिच्या बापाने पाहिला होता, आणि तो याच पुळणीवर. त्या दिवशी मीही तिथे होतो.

माझी चूक

२०१४ च्या डिसेंबरात मी अडतीस शेतकऱ्यांची अभ्याससहल घेऊन कोकणात आलो होतो. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात काजूची कलमे पाहिली, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची झाडे पाहिली, मृदुकाष्ठ कलम कसे बांधतात ते प्रत्येकाने हाताने करून पाहिले. काम चांगले झाले. मग मंडळी म्हणाली, "साहेब, एवढे आलो आहोत, तर समुद्र दाखवा." मी म्हटले, "चला." कोणीतरी भोगव्याचे नाव घेतले आणि आम्ही इथे आलो.

मी कोणाला काही विचारले नाही. भरती की ओहोटी, पाण्यात उतरायचे कुठे, उतरायचे नाही कुठे, यातले काही नाही. नदीचे मुख जवळ असले म्हणजे पाण्याची चाल निराळी असते, हेही मनात आले नाही. दोन-तीन तरुण पोरे गुडघाभर पाण्यातून कमरेभर पाण्यात गेली. आमच्या विहिरीत पोहणारी पोरे, त्यांना भीती कसली! त्यातला एक बाजूच्या शांत दिसणाऱ्या पाण्याकडे सरकला. तिथे लाट फुटत नव्हती म्हणून त्याला ते बरे वाटले. पाहता पाहता तो आमच्यापासून लांब जाऊ लागला. तो किनाऱ्याकडे हात मारीत होता आणि जात होता उलटा. लांबून त्याचे डोके भोपळ्याएवढे दिसले, मग लिंबाएवढे.

आम्ही अडतीसजण काठावर उभे राहून ओरडत होतो. दोघे उडी मारायला निघाले. त्यांना मागून एकाने दरडावले. तो रापणीचा तांडेल होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढायचे मोठे जाळे. त्या दिवशी त्यांची रापण वाळूवर पसरलेली होती. त्याने रिकामा प्लॅस्टिकचा डबा दोराला बांधला, त्याच्या दोन माणसांनी होडी लोटली आणि ती ओढीच्या बाजूने वळसा घेऊन गेली. पोराला डबा धरता आला. पाऊण तासाने तो वाळूवर पडून पाणी ओकत होता.

त्याला मी रात्री त्याच्या घरी पोचवले. त्याच्या आईने सगळे ऐकून घेतले. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, तुम्ही बरोबर आहात म्हणून धाडला होता पोराला."

वाचकहो, ते वाक्य माझ्याजवळ आजतागायत आहे. बियाण्याच्या पिशवीवर टॅग नसेल तर ती हातात धरू नका, असे सांगणारा मी. आणि अडतीस माणसे कसलीही चौकशी न करता दर्यात सोडली.

पाणी बाहेर ओढते ते कसे

ही ओढ काय असते ते शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. भाताचे खाचर डोळ्यांसमोर आणा. वरून पाणी येत राहते, बांधाच्या आत साठते. बांध एका ठिकाणी फुटला की, साठलेले सगळे पाणी त्या एका भगदाडातून धावते. किनाऱ्यावर तसेच होते. लाटा पाणी काठाकडे लोटत राहतात. काठाजवळ पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात, ते बांधासारखे. आत आलेल्या पाण्याला परत जायचे असते, आणि ते जिथे वाळूत खोलगट घळ सापडेल तिथून जोराने बाहेर निघते. घळ खोल म्हणून तिथे लाट फुटत नाही. पाणी गडद आणि शांत दिसते. नवखा माणूस फसतो तो तिथेच.

अशा ओढीत कोणी सापडला तर तिच्याशी कुस्ती करू नये. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारले तर दम जातो आणि माणूस दमून बुडतो. ओढीचा पट्टा बहुधा अरुंद असतो. म्हणून किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून पट्ट्याबाहेर यावे आणि मग काठाकडे वळावे. तेवढे बळ नसेल तर पाठीवर तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी. काठावरच्यांनी वाचवायला उडी मारू नये. अशा वेळी एकाच्या जागी दोघे जातात. दोर, रिकामा डबा, ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे आणि माहीतगार माणसाला बोलवावे.

आमचा पोरगा वाचला, सगळ्यांचे नशीब तसे नसते. २०१७ च्या एप्रिलात मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्यांपैकी आठजण बुडाले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले. सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. माणसे येणार, दरसाल अधिक येणार. ती यावीत आणि जशी आली तशी घरी परत जावीत, यासाठी काहीतरी शिस्त लागते. निळा झेंडा हा त्या शिस्तीचा एक प्रकार आहे.

झेंड्याची जन्मकथा

ही कल्पना १९८५ साली फ्रान्समध्ये निघाली. समुद्रकाठच्या ज्या गावांनी आपले सांडपाणी शुद्ध करून सोडले आणि पोहण्याचे पाणी स्वच्छ ठेवले, त्यांना निळा झेंडा देण्यात आला. १९८७ पासून ही पद्धत युरोपातल्या इतर देशांत गेली. युरोपाबाहेर पहिल्यांदा ती २००१ साली दक्षिण आफ्रिकेने घेतली. आज सुमारे पन्नास देशांत हे झेंडे लागतात. देणारी संस्था पर्यावरणशिक्षणाचे काम करते आणि तिचे मुख्य कार्यालय डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे आहे.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने हे काम अंगावर घेतले. तयारीसाठी तेरा किनारे निवडले. त्यात महाराष्ट्राचा एकच होता आणि तो म्हणजे भोगवे. गोव्याचा मिरामार, कर्नाटकाचे पडुबिद्री आणि कासरकोड, गुजरातेतले शिवराजपूर, दीवचे घोघला, ओडिशातली पुरी अशी त्याच्या जोडीची नावे होती. २०२० च्या ऑक्टोबरात पहिल्या आठ किनाऱ्यांना झेंडा मिळाला. शिवराजपूर, घोघला, पडुबिद्री, कासरकोड, केरळातले कप्पड, आंध्रातले ऋषिकोंडा, पुरी आणि अंदमानातले राधानगर. त्यांत भोगवे नव्हते. पुढच्या दोन वर्षांत तामिळनाडूचे कोवलम, पुदुच्चेरीचे ईडन आणि लक्षद्वीपचे दोन किनारे मिळून संख्या बारा झाली. महाराष्ट्राचे नाव लागायला २०२५ साल उजाडले. त्या वर्षी रायगडातले श्रीवर्धन आणि नागाव, रत्नागिरीतले गुहागर आणि लाडघर, पालघरातले डहाणूचे पारनाका, अशा पाच किनाऱ्यांची नावे जाहीर झाली. सिंधुदुर्गाचा त्यात एकही नव्हता.

म्हणजे यादीत सगळ्यांच्या आधी नाव आले ते भोगव्याचे, आणि झेंडा लागला तो दुसऱ्यांच्या गावी. पंगतीला पहिला पाट मांडावा आणि वाढप दुसऱ्या ओळीपासून सुरू व्हावी, तसे झाले.

तपासतात काय?

बीजप्रमाणीकरणात कसे असते ते आपण जाणता. आधी नोंदणी, मग विलगीकरण अंतर, मग उभ्या पिकाची पाहणी, भेसळीची झाडे उपटणे, शेवटी प्रयोगशाळेत उगवणशक्ती. गव्हाची उगवण शंभरात पंच्याऐंशी पाहिजे, ज्वारीची पंच्याहत्तर. एक दाणा चांगला म्हणून पिशवी पास होत नाही.

किनाऱ्याच्या तपासणीत असे तेहतीस निकष आहेत. त्यांचे चार गट. पहिला, लोकांना माहिती आणि शिक्षण. दुसरा, पाण्याची शुद्धता. तिसरा, किनाऱ्याची व्यवस्था, म्हणजे कचरा, संडास, सांडपाणी, वाहने. चौथा, सुरक्षितता आणि सोयी. म्हणजे जीवरक्षक, प्रथमोपचार, पोहणाऱ्यांची आणि होड्यांची जागा वेगळी, पिण्याचे पाणी, अपंगांना उतरता येईल अशी वाट.

पाण्याची परीक्षा मातीपरीक्षणासारखीच. हंगामात किमान पाच नमुने घ्यायचे, दोन नमुन्यांत एकतीस दिवसांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही. त्यात मुख्यतः दोन प्रकारचे जंतू मोजतात. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहणारे हे जंतू. पाण्यात ते सापडले म्हणजे मैला तिथवर पोचला असे समजायचे. त्यातला ई-कोलाय हा जंतू शंभर मिलिलिटरात, म्हणजे अर्ध्या पेल्यात, २५० च्या वर नको आणि एंटरोकॉकाय १०० च्या वर नको. तेही शंभरातल्या पंच्याण्णव वेळा.

एक निकष मला फार आवडला. समुद्राने काठावर टाकलेले शेवाळ, पाने, शिंपले झाडून काढायचे नाहीत, उपद्रव होत नसेल तर ते तसेच राहू द्यायचे. प्लॅस्टिक उचलायचे, निसर्गाचा पाचोळा उचलायचा नाही. आपण उसाचे पाचट न जाळता सरीत ठेवतो, त्याने ओल टिकते आणि माती धरून राहते, तसेच हे. त्या पाचोळ्यावर किडे, किड्यांवर पक्षी, आणि वाळू वाऱ्याबरोबर पळत नाही. वाळूवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते, तिचे नाव मर्यादवेल. दर्याची मर्यादा दाखवणारी वेल. जुन्या माणसांनी नाव ठेवतानाच धडा सांगून ठेवला आहे. बांधावरचे गवत खरवडले की बांध वाहतो. मर्यादवेल उपटून तिथे दुकान थाटले की किनारा वाहतो.

आणि शेवटची गोष्ट. हा झेंडा एका हंगामाचा असतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. मध्येच पाणी बिघडले किंवा जीवरक्षक नसले तर झेंडा उतरवावा लागतो. बियाण्याच्या टॅगचेही तसेच. परीक्षणापासून नऊ महिने तो खरा, पुढे मुदत वाढवायची तर फेरपरीक्षण. एकदा मिळाला म्हणून पोत्यात घालून ठेवायचा हा कागद नव्हे.

रापणीच्या लोकांचे म्हणणे

मी गेलो तो तांडेल भेटतो का पाहायला. भेटला. केस पांढरे झाले आहेत, खांदे तसेच आहेत. मी बरोबरच्या तरुणाकडे बोट दाखवले. तांडेलाने त्याला खालून वर पाहिले आणि म्हणाला, "ह्योच मा तो? बरो आसा मा?" बस्स, एवढेच. मग घरात हाक मारून सोलकढी मागवली.

आम्ही त्याला जोंधळ्याचे एक पोते नेले होते. ते त्याच्या ओटीवर ठेवले आणि मी झेंड्याचा विषय काढला. वाचकहो, शहरातल्या माणसाला वाटेल की झेंडा म्हटल्यावर गावाला आनंदच होणार. तांडेलाचे म्हणणे तसे सरळ नव्हते. तो म्हणाला की, किनारा आमच्या पोटाचा आहे. होडी कुठे ओढून ठेवायची, जाळे कुठे सुकवायचे, रापण कुठे लावायची हे आमच्या बापजाद्यांनी ठरवलेले. उद्या कोणी पट्टी लावून सांगेल की, इथे फक्त पोहणारे, मग आम्ही जायचे कुठे? संडास बांधतील, दिवे लावतील, पण पाच वर्षांनी ते धुवायचे कोणी, पगार द्यायचा कोणी?

या प्रश्नांना मी हसून उत्तर दिले नाही, कारण ते खरे आहेत. आमच्या खात्याच्याही किती योजना मी पाहिल्या आहेत. पहिल्या वर्षी फीत कापतात, तिसऱ्या वर्षी कुलूप गंजते. पण मी त्याला एक गोष्ट सांगितली. त्या तेहतीस निकषांतच असे आहे की, किनाऱ्याची व्यवस्था पाहायला एक समिती असली पाहिजे. त्या समितीत रापणकर बसले नाहीत तर दुसरे कोणीतरी बसणार. आखणीच्या दिवशी जो शेतात हजर नसतो त्याचाच बांध सरकतो. ग्रामसभेत आधी आपली जागा कागदावर मांडा, होड्यांची, जाळ्यांची, रापणीची. मग पोहणाऱ्यांची जागा ठरू द्या. आणि जीवरक्षक नेमायचे असतील तर दर्या ओळखणारी पोरे तुमच्याच घरात आहेत. पगार बाहेरच्याला कशाला जावा?

तांडेल थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "झेंडो येयत तेवा येयत. दोरी हयसरच आसा." झेंडा येईल तेव्हा येईल, दोर इथेच आहे.

आपला संबंध

आता आपण विचाराल, दर्या त्यांचा, झेंडा त्यांचा, आम्ही घाटावर जोंधळा करतो, आम्हाला याचे काय?

संध्याकाळी आम्ही भरतीच्या रेघेवरून चाललो होतो. शेवाळ, शिंपले, माडाच्या झावळ्या, चपला, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. त्यात एक बाटली पाहून मी थांबलो. लेबल गेलेले, झाकण घट्ट. पण तो आकार मी तीस वर्षे पाहिला आहे. ती कीटकनाशकाची रिकामी बाटली होती. ती पोहायला आलेल्या पर्यटकाने टाकलेली नव्हती. कुठल्यातरी बागेत, कुठल्यातरी ओहोळाच्या काठी पंप भरून ती फेकली गेली, ओहोळातून नदीत, नदीतून इथे.

कर्लीचे पाणी सह्याद्रीत निघते आणि कुडाळ तालुक्यातून वाहत इथे येते. वाटेत किती गोठे, किती परसदारे, किती संडासांचे खड्डे. किनाऱ्यावरच्या अर्ध्या पेल्यात जे जंतू मोजतात, ते किनाऱ्यावरच जन्मलेले असतात असे नाही. आपल्या घाटावरच्या नद्याही कुठेतरी मिळतातच. कृष्णा आणि गोदावरी आंध्रात जाऊन सागराला भेटतात. कोणाच्या तरी पुळणीवर आपल्या बाटल्या रोज लागत असतील.

म्हणून माझी विनंती जुनीच आहे, कारण मात्र नवे आहे. औषधाची रिकामी बाटली तीन वेळा धुवा, ते धुवण फवाऱ्याच्या पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा आणि ती ओढ्यात फेकू नका. पंप ओढ्यात धुवू नका. शेणखताचा खड्डा ओहोळाच्या काठाला नको. युरिया मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकू नका. तो पिकाला लागत नाही, वाहून जातो आणि पैसेही वाहून जातात. यात किनारा राखला जातो आणि आपले घरही राखले जाते, कारण त्या ओढ्याचे पाणी समुद्राआधी आपल्याच खालच्या वस्तीची बायाबापडी पितात.

निघण्यापूर्वी

शाळेची सहल असो, भजनी मंडळ असो, नाहीतर माझ्यासारख्या साहेबाने नेलेली अभ्याससहल असो, समुद्रावर जाणारच असाल तर एवढे करा. जून ते ऑगस्ट दर्यात पाय घालू नका. मासेमारीसुद्धा जून-जुलै बंद असते, मग आपण कोण? एरवी गेलात तर आधी गावातल्या मच्छीमाराला विचारा, आज पाण्यात उतरावे का, कुठे आणि किती वाजेपर्यंत. नदीच्या मुखाजवळ आणि खडकाजवळ उतरू नका. जीवरक्षक असेल तर त्याचे ऐका, नसेल तर गुडघ्याच्या वर जाऊ नका. होडीत बसताना आधी जॅकेट अंगात, मग पाय होडीत, आणि होडी भरलेली दिसली तर पैसे बुडाले तरी उतरा. माणसे मोजून पाण्यात सोडा आणि मोजून बाहेर काढा.

झेंडा दिसला तर तो कोणत्या वर्षाचा आहे, पाण्याचा निकाल फळ्यावर लावला आहे का, हे वाचा. आपण टॅगवरची तारीख वाचता, तसेच. आणि झेंडा नसला म्हणजे किनारा वाईट असेही समजू नका. घरचे चांगले बीही बिनटॅगचेच असते. पण मग उगवण आपण स्वतः तपासून घेतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून मोजतो. तसा तपास तिथे आपणच करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी हट्टाला पेटली, पाण्यात जायचे. तिच्या बापाने माझ्याकडे पाहिले. अकरा वर्षांपूर्वी त्याने विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. मी म्हटले, "मला नको विचारू, तांडेलाला विचार."

तांडेल पुळणीवर आला. तोंडाला हात लावून थोडा वेळ पाण्याकडे नुसता पाहत उभा राहिला. मग पन्नास पावले दक्षिणेकडे चालला आणि टाचेने वाळूत एक रेघ ओढली. म्हणाला, इथे, या रेघेच्या अलीकडे, अर्धा तास. मुलगी बापाचे बोट धरून घोट्याएवढ्या पाण्यात गेली. लाट आली की किंचाळायची, गेली की पुन्हा पुढे धावायची. बाप तिचे बोट सोडत नव्हता. तांडेल रेघेजवळ दोराची गुंडाळी घेऊन बसला होता आणि अर्धा तास त्याची नजर पाण्यावरून हलली नाही.

घरी परतल्यावर मी मुलीला घेऊन आधी तिच्या आजीकडे गेलो. म्हातारी आता थकली आहे. नातीने ओंजळभर शिंपले तिच्या मांडीवर ओतले. आजीने ते एकेक करून मोजले आणि मग मला म्हणाली, "या खेपेला विचारून नेलंत वाटतं."

मी म्हटले, "होय, विचारून नेले."